शाळा सुटल्यानंतरची शाळा

उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिर छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यरसिकांना चांगले परिचयाचे आहे. शहरातील एखाद्या सुस्थितीतील शाळेला स्नेहसंमेलन करावयाचे झाले तर असे सभागृह भाड्याने घेता येते, प्रकाशयोजना मिळते, नृत्ये बसवून देणारा व्यावसायिक मिळतो आणि कार्यक्रम रात्री दहाला संपला तरी मुलींना घरी नेण्यासाठी पालक वाहने घेऊन दाराशी उभे असतात. याच जिल्ह्याच्या सोयगाव किंवा कन्नड तालुक्यातील आडवळणाच्या गावी असलेल्या माध्यमिक शाळेत मात्र शेवटचा तास संपण्यापूर्वीच अर्ध्या वर्गाचे कान एस.टी.च्या आवाजाकडे लागलेले असतात. गाडी चुकली तर दुसरी नाही. मग वक्तृत्व मंडळ कोठले, विज्ञान मंडळ कोठले आणि नाटकाच्या तालमी कोठल्या? दोन्ही शाळांचा अभ्यासक्रम एक, पाठ्यपुस्तके एक, शालान्त परीक्षाही एक. तफावत पडते ती घंटा वाजल्यानंतर.

या तफावतीची गंभीर दखल घेण्याची रीत आपल्याकडे नाही. शासकीय परिपत्रके या गोष्टींना ‘अभ्यासपूरक’ म्हणतात, बोलण्यात त्यांना ‘अवांतर’ म्हटले जाते, आणि अवांतराला पैसा लागत नाही अशी शिक्षणखात्याची पक्की समजूत दिसते. वस्तुतः महाराष्ट्राच्या, त्यातही मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास ज्याने थोडाफार चाळला आहे त्याला या अवांतरातून काय निर्माण झाले हे वेगळे सांगावे लागू नये. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते. वर्गात त्यांनी काय शिकविले यापेक्षा वसतिगृहात ते जे हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत त्याची आठवण अधिक टिकली. रोजच्या रोज हाताने लिहिलेला अंक! छापखाना नाही, अनुदान नाही, वरिष्ठांचा आदेश नाही. आपल्या भोवतालच्या जगाविषयी मुलाने वाचावे, विचार करावा आणि जगाला आपलेही काही सांगणे आहे असे त्याला वाटावे, एवढाच त्याचा उद्देश. १९३० साली गुरुजी सत्याग्रहात गेले, आणि हा मनुष्य कोणत्या मुशीत घडत होता हे त्यांच्या विद्यार्थ्यांना तोवर कळून चुकले होते.

निजामी राजवटीतील मराठवाड्यात तर शाळेबाहेरच्या शाळेचे मोल राज्यकर्त्यांनाच अधिक ठाऊक होते. सभेला परवानगी, खासगी शाळेला परवानगी, आखाड्यालाही परवानगी. ‘गश्ती निशान ५३’ हे नाव जुन्या पिढीच्या तोंडी एखाद्या शिवीसारखे येत असे. हिप्परग्याला १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा खेडेगावातीलच होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सर्वांना परिचित झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते, आणि या शाळेच्या व नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाच्या परिसरातून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते निघाले. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला आणि हा वणवा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या अनेक मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. प्रार्थना कोणती म्हणावी ही बाब कोणत्याच क्रमिक पुस्तकात नव्हती; ती निव्वळ अवांतर होती.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण याच शहरातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली स्थापन केलेल्या महाविद्यालयाच्या, पुढच्या मिलिंद महाविद्यालयाच्या, संमेलनासाठी प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या विद्यार्थी प्रयोगापाशी थांबावेच लागते. त्याच परिसरात गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली ‘अस्मिता’ सुरू केले, त्याचेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. ज्यांच्या आधीच्या कोणत्याही पिढीला रंगमंचावर उभे राहण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या हातात संमेलन आणि नियतकालिक आल्यावर मराठी साहित्याचा नकाशाच बदलला. या घटनेला कोणी ‘अभ्यासपूरक उपक्रम’ म्हणून पाहावे!

आता खेड्यातील लहान शाळेचा वर्तमान. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. परंतु शाळेतील मुलांची संख्या शंभरापेक्षा अधिक असेल तरच. ऐंशी मुलांच्या शाळेतील मुलाला चित्रकलेचा हक्क नाही, एकशेवीस मुलांच्या शाळेतील मुलाला आहे. नववी-दहावीचे वर्ग तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. परिणामी गणिताच्या शिक्षकानेच कबड्डीचा संघ न्यायचा, मराठीच्या बाईंनीच हस्तलिखिताची सजावट करायची, आणि उरलेल्या वेळात दोघांनी मिळून वरून आलेल्या ‘दिवसां’चे फोटो पोर्टलवर चढवायचे. वृक्षारोपण झाले, फोटो गेला. रोप जगले की नाही हे विचारणारा रकाना नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान शाळांत संगीत, कला व क्रीडा बहुधा शिकविल्याच जात नाहीत ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली आहे. निदान अचूक आहे. मात्र औषध म्हणून शाळासंकुलाची कल्पना पुढे आली, आणि महाराष्ट्रात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळांत विलीन करण्याचा विचार शासनाने सुरू केला तेव्हा त्या औषधाची चव कळली. गावात चित्रकलेचा शिक्षक पाठविता येत नाही म्हणून गावची शाळाच आठ-दहा किलोमीटर दूर न्यावयाची! तेथे मैदान असेल, पेटी-तबलाही असेल; परंतु घंटा वाजली की त्याच शेवटच्या गाडीसाठी धावणारी मुले आता अधिक लांबवर धावतील, आणि ज्यांना धाडलेच जाणार नाही त्या बहुतांश मुली असतील. राज्य परिवहनाचा पास मुलींना मोफत आहे ही चांगलीच गोष्ट आहे. पास गाडीचा असतो, वेळेचा नसतो.

बीड, धाराशिव, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात आणखी एक हिशेब मांडावा लागतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. शाळांची क्रीडामहोत्सव, विज्ञानप्रदर्शन, सहल आणि स्नेहसंमेलन ही सारी धामधूम नेमकी याच महिन्यांत. आईबापांबरोबर कोपीवर गेलेले मूल पटावर असते, संमेलनात नसते. मागे आजीजवळ राहिलेली मुलगी शाळेत येते खरी, पण संध्याकाळी तिला चूल आणि धाकटी भावंडे यांचे वेळापत्रक सांभाळायचे असते. हंगामी वसतिगृहे ही या प्रश्नावरील शासकीय तोड आहे. तेथे जेवणाची हजेरी मोजली जाते. संध्याकाळी चार ते रात्री आठ या वेळेत मुलांनी काय करावे याचे उत्तर कोणाकडे नाही. अमळनेरच्या वसतिगृहाने शंभर वर्षांपूर्वी ते शोधून ठेवले आहे.

ही तफावत अखेरीस गुणपत्रिकेत उतरते. क्रीडास्पर्धा, स्काऊट-गाइड, राष्ट्रीय छात्रसेना, चित्रकलेच्या शासकीय परीक्षा, लोककला यांतील प्रावीण्यासाठी दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. तत्त्व वाईट नाही. पण ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक नाही, छात्रसेनेचे पथक नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी संघ नेण्याच्या भाड्याची सोय नाही, तिचा विद्यार्थी हे गुण कोठून आणणार? लोककलेचे तर नवलच आहे. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डफ आणि संबळ वाजला त्या मुलालाही आपली कला कोणा संस्थेच्या प्रमाणपत्राने सिद्ध करून दाखवावी लागते.

दोष सगळा शासनाच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही. अनेक ग्रामीण संस्थांत संमेलन हे संस्थाचालकांचेच संमेलन झाले आहे. पाहुण्यांचे स्वागत, स्वागताला उत्तर, शाली, नारळ, आगामी निवडणुकीची चाहूल घेणारी भाषणे, आणि मुलांच्या वाट्याला उरलेल्या पाऊण तासात चित्रपटगीतांवर नाच. शाळेचा ‘मंत्रिमंडळ’ नावाचा उपक्रमही बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या नेमणुकीवर चालतो. त्यात नवल काय? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातील निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली ती कागदावर राहिली. ज्या राज्याला वीस वर्षांच्या मतदाराचे मत महाविद्यालयात नको असते, ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्गप्रतिनिधी निवडू देईल अशी अपेक्षा कशी करावी?

काही करता येत नाही असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. गावच्या हायस्कूलातील आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करू लागली: जोडकाम, वीज, शेती, आरोग्य. शिकविणारे गावातलेच कारागीर, आणि मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे. शासनाने या विषयाला मान्यता दिली आणि तो अन्य शाळांतही गेला. त्यातली कळीची गोष्ट ही की तो शाळेच्या वेळातच बसविला होता; शेवटच्या गाडीला त्याचा अडथळा नव्हता.

येथे कार्यकर्त्यांना काम आहे आणि ते मोर्च्याहून कंटाळवाणे आहे. आपल्या तालुक्यातील कोणत्या माध्यमिक शाळेत शेवटची गाडी किती वाजता येते, तिने किती मुले-मुली जातात, आणि ती पाऊण तास पुढे नेल्यास कोणाची अडचण होईल, याची यादी हाताने करता येते. आगारव्यवस्थापक वेळापत्रक बदलू शकतो. त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पालकांच्या सह्या लागतात. आठवड्यातील एक दिवस शेवटचे दोन तास मंडळांसाठी मोकळे ठेवण्याचा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीत धरता येतो. शंभराची अट काढून टाकण्याची मागणी विधिमंडळात नेता येते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उमेदवारी केलेली आणि आता निवृत्त झालेली मंडळी कित्येक तालुक्यांच्या गावी आहेत. आठवड्यातून एक दुपार ती शाळेला देऊ शकतील, कोणी विचारले तर. ऊसतोडीचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे गणपती ते दसरा या काळात, संमेलन उरकून घ्यावे ही सूचनाही एखाद्या शाळेने मानून पाहण्यासारखी आहे. तसे झाले तर कोपीवर जाणाऱ्या मुलांची नावे कार्यक्रमपत्रिकेत येतील.