मावशींना पिन येतो, वाट सापडत नाही

परवाची गोष्ट. दुपारी स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानात चार्जर घ्यायला थांबलो होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या मावशी आल्या. कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि दुकानातल्या पोराच्या हातात दिला. "बघ रं बाळा, पैसं आलं का."

पोरानं बँकेचं ॲप उघडलं. "मावशी, पिन तोच ना?"

"तोच की."

त्यानं पिन टाकला, पैसे आले होते. मावशी खूश होऊन गेल्या. मी त्याला म्हटलं, अरे, तुला यांचा पिन पाठ कसा? त्यानं काउंटरखालून एक वही काढून दाखवली. एका बाजूला नावं, समोर आकडे. दोन पानं भरलेली. "विसरतात ओ सर. दोनदा चुकीचा टाकला की घाबरतात. मग मीच लिहून ठेवतो."

पोरगं सरळ आहे, लहानपणापासून बघतोय त्याला. एक पैसा कुणाचा घेणार नाही. पण ती वही उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडली तर? आणि प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक स्टँडसमोर अशी एखादी वही असेल, ती सगळीकडे सरळच माणसाकडे असेल का?

हे वाचून कुणीतरी लगेच म्हणेल, लोकांना शिकवा, जागृती करा, पिन कुणाला सांगू नका असे बोर्ड लावा. बोर्ड लावून झालेत. मावशींनाही माहीत आहे की पिन सांगायचा नसतो. मी संध्याकाळी त्यांच्या गाड्यावर गेलो आणि विचारलं, "मावशी, पिन तुम्हाला येतो ना? मग तुम्हीच का नाही टाकत?"

त्या म्हणाल्या, "चार आकडं येत्यात की रं. पण तितपत्तूर जायाचं कुठनं?"

हे बोलता बोलता त्यांनी फोनवरचं माईकचं चिन्ह दाबलं, "हरिपाठ लाव" म्हणाल्या आणि हरिपाठ सुरू झाला. गिऱ्हाईक नसलं की रोज ऐकतात.

म्हणजे बघा. बाई फोनशी मराठीत बोलते आणि फोन ऐकतो. बाईला चार आकडे दाबता येतात. अडचण फक्त मधल्या वाटेची आहे. ॲप उघडलं की आधी कर्जाची जाहिरात, ती बंद करायला कोपऱ्यात बारीक फुली, मग इंग्रजीत बारा चौकोन, त्यातल्या एका चौकोनात आणखी सहा. ती वाट चालता येत नाही म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात जातो आणि फोनबरोबर पिनही जातो.

मी त्या रात्री माझ्याच फोनवर करून पाहिलं. "माझ्या खात्यात किती पैसे आहेत?" असं मराठीत विचारलं. शब्द न शब्द बरोबर उमटला. उत्तर म्हणून काय आलं? इंटरनेटवरच्या लेखांची यादी. फोनला वाक्य कळलं होतं, पण ते घेऊन बँकेच्या ॲपमध्ये शिरायला दार नव्हतं.

हे दार म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण आपल्याकडे सगळे समजतात की हे "गुगलचं काम" आहे. तसं नाही.

आपण फोनला काही बोललो की आधी आवाजाचे शब्द होतात. मग या माणसाला नेमकं काय करायचंय, याचा अंदाज घेतला जातो. मग फोन बघतो की हे काम करणारं कुठलं ॲप इथे आहे. आणि ॲपला हे काम येतं, हे ॲप बनवणाऱ्यानं आधी लिहून ठेवावं लागतं. ॲन्ड्रॉइडवर गुगलने २०१८ साली ॲप ॲक्शन्स नावाची सोय जाहीर केली, त्यात डेव्हलपर एका फाईलमध्ये नोंद करतो की माझ्या ॲपमध्ये अमुक अमुक कामं होतात आणि ती अमुक पानावर होतात. ॲपलने त्याच वर्षी सिरी शॉर्टकट्स आणले आणि २०२२ मध्ये ॲप इंटेंट्स. तिथेही तेच: कोणतं काम, त्याला कोणती माहिती लागते, आणि माणूस ते कोणत्या वाक्यांनी मागेल, हे डेव्हलपरने लिहायचं. प्रत्येक भाषेसाठी वेगळं लिहायचं.

नसेल लिहिलं तर दार नाही. गावात बस येते, पण तुमच्या वाडीचा थांबाच फळ्यावर नाही, असं ते आहे.

आता मोठ्या कंपन्यांकडेही बोट आहेच. फोनला मराठी कळते आणि ॲपच्या कमांडला मराठी चालते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट त्या कंपन्या ठरवतात. तरी बोलून लिहायच्या सोयीत गुगलने मराठी २०१७ मध्येच आणली. २०१८ मध्ये असिस्टंट मराठी बोलायला लागला. ॲपलची सिरीही इंग्रजीत मिसळलेली मराठी समजून घेते. सरकारचं स्वतःचं भाषिणी आहे, २०२२ पासून, आणि ते मराठी ऐकतं, बोलतं. त्यामुळे बाहेरचा असिस्टंट साथ देत नसेल तर ॲपने आपल्याच पहिल्या पानावर एक मोठा माईक ठेवावा. हरिपाठ लावायला ठेवलाय तसाच.

आणि तेही जमत नसेल तर निदान शॉर्टकट. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं की छोटी यादी उघडते ना? "शिल्लक बघा", "पैसे पाठवा" अशी. त्यातली एक ओळ ओढून फोनच्या पहिल्या पानावर ठेवता येते. मग एका टिचकीत थेट पिनच्या पानावर. ही सोय ॲन्ड्रॉइडमध्ये २०१६ पासून आहे. माझ्या फोनवरच्या रोजच्या वापरातल्या ॲपवर मी एकेक करून बोट दाबून पाहिलं. जेवण मागवायच्या ॲपमध्ये यादी होती. गाणी ऐकायच्या ॲपमध्ये होती. सार्वजनिक कामाच्या बहुतेक ॲपमध्ये "ॲप काढून टाका" एवढंच.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. आमच्या बातम्यांच्या पोर्टलचं एक छोटं ॲप आहे. त्यातही काही नव्हतं. ज्या मुलानं ते बनवलं त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, 'आजच्या बातम्या वाचून दाखव' असं का नाही टाकलंस?"

तो म्हणाला, "सर, दोन दिवसांचं काम आहे. पण तुम्ही कधी मागितलंच नाही."

खरं होतं. मी मागितला होता लोगो मोठा, रंग भगवा-निळा नको, आणि जाहिरातीची जागा वर. माझ्या वाचकांत डोळ्यांनी अधू किती, वाचायचा कंटाळा असलेले किती, याचा विचार मी वीस वर्षं पत्रकारिता करून केला नव्हता. सरकारी ॲपचंही असंच होत असणार. ज्याला हवंय तो टेंडर लिहीत नाही, आणि टेंडर लिहिणाऱ्याला दिसतंय, वाचता येतंय, इंग्रजी येतंय.

आता मराठीत कमांड बांधणं म्हणजे इंग्रजी वाक्यांचं भाषांतर करून चिकटवणं नव्हे, हेही सांगायला हवं. आपली माणसं आकडे कसे बोलतात? "अडीचशे पाठव." "पावणेदोनशे दे." "सव्वातीन हजार आले का?" दीड, अडीच, पाऊण, सव्वा, साडे यांच्याशिवाय आपला व्यवहारच होत नाही. ज्या ॲपला पावणेदोनशे म्हणजे १७५ हे कळत नाही, त्याला पैशाला हात लावू देऊ नये.

दिवसाचं घ्या. "परवाचं तिकीट काढ." मराठीत परवा दोन आहेत, एक होऊन गेलेला आणि एक यायचा. या लेखाची सुरुवात मी परवानेच केली, तुम्हाला कळलं, कारण तुम्ही माणसं आहात. ॲपनं अंदाज न बांधता विचारावं, "रविवारचं का?"

शेताचं घ्या. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. खातेदार निवडा, गट नंबर निवडा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, मग बांधावर उभं राहून फोटो. ऊन डोक्यावर, स्क्रीन दिसत नाही, हात मातीचे. अशा कामात आवाज किती उपयोगी पडेल सांगा. पण शेतकरी म्हणणार "दीड एकर जोंधळा". सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि पीक ज्वारी. म्हणजे जोंधळा, शाळू, ज्वारी हे एकाच कप्प्यात टाकायचं, आणि दीड एकर म्हणजे जवळपास ०.६० हेक्टर, हे ॲपने स्वतः करून परत वाचून दाखवायचं. हे शब्द पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून सापडणार नाहीत. बाजारच्या दिवशी आमच्या तालुक्याला या, अर्ध्या दिवसात मिळतील.

आणि नाव! ॲपलच्या नियमाप्रमाणे शॉर्टकटच्या वाक्यात ॲपचं नाव असावंच लागतं. आता आपल्या सरकारी ॲपची नावं आठवा. इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेली, मध्ये एखादा आकडा. तोंडाने म्हणायचं कसं? ॲपला बोलायचं दुसरं सोपं नाव देण्याची सोय आहे. ती वापरा म्हणजे झालं.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यातले दोन मला पटतात.

पहिला, फसवणूक. आवाजाची नक्कल आता कुणीही करतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आवाजाने फक्त दारापर्यंत न्यावं. पैसे कुणाला, किती, हे ॲपनं वाचून दाखवावं आणि पिन माणसाने हाताने टाकावा. पिन तोंडाने बोलायचा नाही, कधीच नाही. आज तो दुकानात सगळ्यांसमोर बोलला जातोय, हे विसरू नका.

दुसरा, चारचौघांत गुपित फुटणं. एसटीत बसून "शिल्लक सांग" म्हटलं आणि फोनने मोठ्याने आकडा सांगितला तर घरी पोचायच्या आत गावाला कळेल. म्हणून आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवावा, बोलून दाखवायचा तो मागितला तरच.

तिसरा आक्षेप मला पटत नाही. "आता एआय आलंय, जेमिनाय मराठी बोलतो, थोडं थांबा, सगळं आपोआप होईल." एआय कितीही हुशार झाला तरी बँकेच्या किंवा सरकारच्या ॲपमध्ये त्याला काय करू द्यायचं, हे त्या ॲपच्या मालकालाच ठरवावं लागेल, लिहून ठेवावं लागेल. दार आजही त्यांनीच बसवायचंय, उद्याही त्यांनीच. थांबण्याची किंमत मात्र मावशी देणार.

वर काहीच हालचाल नाही असंही नाही. साध्या फोनवरून यूपीआय करण्यासाठी २०२२ मध्ये १२३पे आलं. २०२३ मध्ये एनपीसीआयने बोलून पैसे पाठवायची 'हॅलो यूपीआय' सोय जाहीर केली, सुरुवात हिंदी आणि इंग्रजीत. आपल्याला नेहमीसारखं "पुढे इतर भाषा". २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण ज्या भाषेत बाईला स्वतःची शिल्लक विचारता येत नाही, तिच्या अभिजातपणाचं तिनं काय करायचं?

आणि हा केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या अधिकाराचा भाग असल्याचं सांगितलं. ते प्रकरण ई-केवायसी करता न येणाऱ्या दिव्यांग लोकांचं होतं. दृष्टिहीन माणसासाठी बोलून चालणारं ॲप ही चैन नाही. आणि जे त्यांच्यासाठी बांधलं जाईल ते मावशींनाही उपयोगी पडेल, मोतीबिंदू झालेल्या माझ्या आईलाही, आणि चाळिशी लागलेल्या मलाही.

मागणी फार मोठी नाही. राज्य सरकारच्या, महामंडळांच्या, जिल्हा बँकांच्या ॲपच्या प्रत्येक नव्या टेंडरमध्ये एक अट घाला: लोक सगळ्यात जास्त करतात ती पाच कामं मराठीत बोलून आणि एका शॉर्टकटवरून सुरू झाली पाहिजेत, आणि बिल निघण्याआधी ती तालुक्याच्या गावात, साठीच्या पुढच्या वीस माणसांनी कुणाची मदत न घेता करून दाखवली पाहिजेत. एवढंच. आमदार साहेबांचे कार्यकर्ते ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. पुढच्या अधिवेशनात हा एक प्रश्न विचारायला सांगा.

आमच्या पोर्टलच्या ॲपमध्ये दोन आठवड्यांत "आजच्या बातम्या वाच" येतंय. चाललं नाही तर इथेच येऊन मला बोला.

आणि एक काम तुमच्याकडे. आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, फोनवर कोणतं काम करायला तुम्हाला दुसऱ्याकडे जावं लागतं, आणि ते तुम्ही तोंडाने कसं मागाल. त्यांचे शब्द जसेच्या तसे खाली कमेंटमध्ये लिहा, गावाचं नाव टाकून. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, काहीही चालेल. यादी करतो आणि जिथे द्यायची तिथे नेऊन देतो.

मोबाईल दुकानातल्या पोराला मी वही फाडून टाक म्हटलं. तो म्हणाला, "फाडतो सर. पण उद्या मावशी आल्या की काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.