दया नको, बोलणारा संगणक द्या!

काही दिवसांपूर्वी अभ्यासिकेच्या कामासाठी अकोल्यातल्या एका वस्तीत गेले होते. तिथं विशीतला एक दृष्टिहीन मुलगा भेटला. बारावी झालेला, मोबाईलवर टॉकबॅक लावून बातम्या ऐकणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. संगणकाचा कोर्स करावा म्हणून एका क्लासमध्ये गेला, तर दारातूनच परत पाठवलं. "तुले स्क्रीनच दिसत नाही, तं तू शिकशीन काय?" हे सांगताना तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, कीबोर्ड का डोयानं पाहून चालवा लागते?"

त्याचं बरोबर आहे. कोणत्याही कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. सराईत टंकलेखक त्यांवर बोटं ठेवूनच, खाली न पाहता टाईप करतो. राहिला स्क्रीन. तर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आज कुणालाही फुकट मिळतं. अज्ञान त्या मुलाकडं नव्हतं, क्लासवाल्याकडं होतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर बोलू लागतो. त्याहून कामाचा एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं २००६ मध्ये तो बनवायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रामर त्याच्या सोबतीला आला. ज्यांचा प्रश्न, त्यांनीच तो सोडवला. एनव्हीडीए पेन ड्राईव्हवर घेऊन दुसऱ्याच्या संगणकावरही चालवता येतो.

विंडोजच नको असेल तर लिनक्स आहे. उबुंटूमध्ये विंडोजची कळ, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं की ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर सुरू होतो. उबुंटूच्याच पायावर दृष्टिहीनांसाठी आपल्या देशात तयार झालेली ॲक्सेसिबल-कोकोनट ही ऑपरेटिंग सिस्टीमही मोफत आहे. ईस्पीकचा आवाज मराठी वाचतो. आधी तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, पण कानाला सवय होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळं कार्यालयांतून जे जुने संगणक भंगारात जातील, त्यांतले कितीतरी लिनक्स टाकून बोलते करता येतील.

म्हणजे अडचण पैशाची नाही, तंत्रज्ञानाचीही नाही. मग कशाची आहे?

कायदा तर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण दिलं आणि त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी ठेवला. याच कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माहिती सर्वांना वापरता येईल अशी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यातलं अंतर आंबेडकरी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साल उजाडलं, आणि त्यासाठीही मार खावा लागला. अस्पृश्यता आणि अंधत्व एक नाही, हे मला कळतं. पण ठराव करून मोकळं व्हायचं आणि पाण्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, ही व्यवस्थेची रीत तीच आहे.

नाव बदलण्याची रीतही तीच. एकेकाळी आपल्याला 'हरिजन' म्हणून गोंजारलं गेलं. बाबासाहेबांनी ते नाव नाकारलं, कारण त्यात देव होता, हक्क नव्हता. आज 'दिव्यांग' म्हणायचं, जयंतीला काठ्या-ब्लँकेटं वाटायची, फोटो काढायचे आणि संगणकाच्या क्लासमधून मात्र परत पाठवायचं.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलीच माला पापळकर पाहा. बाळ असताना जळगाव रेल्वे स्थानकावर सोडून दिलेली ही दृष्टिहीन मुलगी वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढली. ब्रेल आणि ऑडिओच्या आधारानं शिकली आणि २०२४ मध्ये एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक पदासाठी पात्र ठरली. सगळ्यांनी कौतुक केलं, करायलाच हवं होतं. पण आपण तिला चमत्कार करून टाकलं, की तिच्यामागं उभ्या असलेल्या शेकडो मुला-मुलींचा प्रश्न विसरायला मोकळे होतो. लिपिकाचं काम आज संगणकावर चालतं. निवड झाली, पण टेबलावरचा संगणक मुका असेल, तर ती नोकरी की शोभेची खुर्ची?

आता थोडं आपल्याकडंही पाहू. आपल्या चळवळीची पत्रकं, सभांची निमंत्रणं, ग्रुपवर फिरणारे लेख बहुतेक वेळा फोटो असतात. फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडर धडपणे वाचू शकत नाही. कितीतरी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत, ज्यांतून बाबासाहेबांचं भाषणही स्क्रीन रीडरच्या तोंडी निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन येतं. शिका म्हणायचं आणि पाटी लपवून ठेवायची, हे आपणच करत असू तर सरकारकडं कोणत्या तोंडानं मागायचं?

म्हणून मागणीही करू आणि काम स्वतःपासून सुरू करू. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात हेडफोनसह एक बोलणारा संगणक ठेवा, असा अर्ज वॉर्डावॉर्डातून गेला पाहिजे. संगणक क्लासला मान्यता देताना स्क्रीन रीडरची अट घालायला लावली पाहिजे. आणि आपल्या विहारातल्या अभ्यासिकेत तर कुणाच्या मंजुरीची गरजच नाही. एक जुना संगणक, एक पेन ड्राईव्ह, एक रविवार पुरे. यापुढं प्रत्येक पत्रक युनिकोडमध्ये टाईप करून, फोटोसोबत मजकूर म्हणूनही पाठवू.

३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. दुसऱ्या दिवशी, ४ जानेवारीला, लुई ब्रेल यांची जयंती असते. यंदा हे दोन दिवस मिळून एकच कार्यक्रम घेऊ, आणि हार-तुऱ्यांच्या पैशातून एक संगणक बोलता करू. अकोल्याच्या त्या मुलाला मी शब्द दिलाय, की पहिली खुर्ची त्याची.

जय भीम!