सहावा सरताना, सातवा लागताना

भगिनींनो, पहिले तीन महिने ओकाऱ्यांत जातात, चौथ्यात जिवात जीव येतो आणि पाचव्या-सहाव्यात चेहऱ्यावर तजेला येतो. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, "आता काही काळजी नाही, नववा लागेपर्यंत निवांत." एका अर्थी खरेही आहे. अन्न गोड लागते, कामे उरकतात. पण याच निवांतपणात दवाखान्याची एक महत्त्वाची फेरी चुकते, म्हणून आज या दिवसांविषयी बोलू.

आधी महिन्यांचा हिशेब. आपल्या घरांत सासूबाई चांदाचे महिने मोजतात, सून कॅलेंडरची तारीख धरते आणि डॉक्टर आठवड्यांत बोलतात. तिघींचा सातवा महिना वेगवेगळ्या दिवशी लागतो! शाळेत मुलांना सांगतो तसेच सांगतो: शेवटची पाळी आली तो पहिला दिवस धरा, तिथून सात-सात दिवस मोजा आणि 24 व 28 आठवडे जिथे पूर्ण होतात त्या तारखांना लाल पेनाने गोल करा.

24 आठवड्यांचे बाळ साधारण 600 ग्रॅमचे असते, 28 व्या आठवड्यात किलोभराचे होते. त्याला आता ऐकू येते. घरात जोरात भांडे पडले की पोटात दचकल्यासारखी हालचाल होते. पहिलटकरणीला हालचाल थोडी उशिरा कळते, पण 24 आठवडे झाले तरी काहीच जाणवले नाही तर डॉक्टरांना सांगावे. एरवी कंबर धरते, रात्री पोटरीत गोळा येतो, जेवल्यावर छातीत जळजळते, बेंबीखाली काळसर रेघ उमटते. हे बहुतेकींना होते. पोट मधूनच कडक होऊन पुन्हा सैल पडते, त्यालाही घाबरू नये. मात्र ते ठरावीक अंतराने आवळू लागले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

आता त्या चुकणाऱ्या फेरीविषयी. गरोदरपणातली साखर तपासण्याची पद्धत सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. नाव नोंदवताना एकदा ही तपासणी होते. तेव्हा आकडा ठीक आला तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची असते, कारण या सुमारास वारेतून पाझरणारी द्रव्ये आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. "आमच्या खानदानात कुणाला शुगर नाही" हे उत्तर म्हणूनच उपयोगाचे नाही.

आम्ही हे अनुभवाने बोलतो. आमच्या थोरल्याच्या वेळी ही तपासणी झालीच नाही. मुलगा झाला सव्वाचार किलोचा. मोहल्ल्यातल्या बायका पाहायला येत, "माशाअल्लाह, काय गुटगुटीत!" म्हणत आणि आम्ही फुलून जात होतो. पहिल्या दिवशी त्याची साखर एकदम उतरली होती, तो रडायचाही थांबला होता, हे त्या कौतुकात विरून गेले. चाळिशीत आम्हाला मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाळांची वजने किती होती?" ऐकून आम्ही गप्प झालो. गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. तो आकडा तेव्हा कळला असता तर निदान वर्षाला एकदा रक्त तपासत राहिलो असतो.

यंदा आमच्या भाचीचे हेच आठवडे नेमके रमजानमध्ये आले. ती म्हणाली, "खाला, ग्लुकोज प्यायले तर रोजा तुटेल. ईदनंतर जाते." आम्ही कॅलेंडर पुढे ठेवले. तपासणीचे आठवडे चार आणि रमजानचे दिवस 29 किंवा 30. ईदची वाट पाहिली तर ती मुदतच संपते. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची धास्ती असेल तर रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत उलेमांनी सांगितली आहे. आपल्या आलिमांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारावे. भाचीने विचारले. कंबरदुखी आणि चक्करीमुळे तिचे काही रोजे तसेही सुटणार होते, त्यांतलाच एक दिवस तपासणीला दिला. दोन तास बाकावर बसायचे म्हणून सासूबाईही सोबत गेल्या, हे आम्हाला फार आवडले.

आकडा आला 152. घरात रडारड झाली. खरे तर बहुतेकींना पथ्य आणि चालणे एवढ्यावरच भागते. दोन आठवडे तसे करून जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहतात. ती 120 च्या खाली राहिली तर तेच चालू ठेवायचे, नाहीतर गोळी किंवा इन्सुलिन. भाचीचे सरबत, शीर-खुर्मा आणि मैद्याचे पदार्थ बंद झाले. डाळ, अंडी, मासे, पालेभाजी, थोडी भाकरी असे दिवसातून थोडे थोडे पाच-सहा वेळा सुरू झाले. "दोन जिवांचे खा" म्हणून ताट भरणाऱ्या नानीची समजूत काढणे हेच सर्वांत अवघड गेले.

लोहाची गोळी रोज एक, कॅल्शियमच्या दोन. दोन्ही एकत्र घेऊ नयेत आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा तर नकोच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर मोफत तपासतात. तिथे रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी. दिवसभर उभे राहून संध्याकाळी पाय सुजणे वेगळे. पण चेहरा आणि हात सुजले, डोके सारखे ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगडीखाली दुखू लागले, तर ते थकव्यावर ढकलू नये. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला असेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. अशा वेळी रात्र असली तरी गाडी काढावी, सकाळ होण्याची वाट पाहू नये.