पिकअपवरचे बिऱ्हाड

गाडीत बिऱ्हाड घालून जत्रेला जाणाऱ्यांना हे नवे वाटायचे नाही. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली पिकअपवर निजायची खोली बसवून, चार्ली कुत्र्यासह देश पाहायला निघाले. सुमारे १०,००० मैल फिरले. १९६२ सालचे त्यांचे पुस्तक गाजले.

२०१० साली बिल स्टायगरवाल्ड या निवृत्त पत्रकाराने पदरच्या पैशाने तीच वाट धरली. भाडे वाचवायला हे गृहस्थ दुकानांच्या वाहनतळावर मोटारीतच पथारी टाकीत. जुने कागद ताडून पाहता कळले, की स्टाइनबेकसाहेबांच्या कितीतरी रात्री हॉटेलात गेल्या, अन् बरेच दिवस पत्नीही सोबत होती! पुस्तकात मात्र एकटेपण भारी. लिखाण गोड, यात वाद नाही. पण गाडीत अंग आंबले ते दुसऱ्यांचेच. २०१२ च्या आवृत्तीत प्रस्तावनाकारानेच बजावले : हे शब्दशः खरे धरू नका.