घरात वारा खेळू द्या

मंठ्याहून पोटासाठी मुंबईला जाणाऱ्या बंधू-भगिनींनो, खोली घेताना नुसते भाडे बघू नका, वारा कुठून येतो तेही बघा. मानखुर्दच्या लल्लूभाई व गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास २०१८ साली झाला. इमारती एकमेकींना खेटून उभ्या. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा कमी आणि क्षयरोग जास्त आढळला.

म्हणून आम्ही सांगतो, समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली निवडा. एक्झॉस्ट पंखा स्वयंपाकाच्या ओट्यावर उंच बसवा. तो चालू असताना दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. नाहीतर तो नुसताच फिरतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून पात्यांवरचा तेलकट मळ पुसा. डक्टमध्ये कचरा टाकू नका. खोकला दोन आठवडे टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या; पैसे पडत नाहीत.