मोरेह येथील सीमाव्यापाराची तीन दशके

मणिपूरची राजधानी इंफाळपासून सुमारे ११० किलोमीटर अंतरावर, म्यानमारच्या सीमेला अगदी लागून मोरेह हे छोटे शहर वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १७ हजारांच्या आसपास होती. आग्नेय आशियाकडे जाणाऱ्या खुष्कीच्या मार्गाचे भारतीय प्रवेशद्वार म्हणून या शहराचा उल्लेख गेली तीस वर्षे होत आला आहे. मात्र २०२० पासून एकामागून एक आलेल्या संकटांनी येथील बाजारपेठ विस्कटली असून, या प्रवेशद्वारातून पूर्वीसारखी देवघेव पुन्हा सुरू होण्यासाठी केवळ दार उघडणे पुरेसे ठरेल काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

भारत आणि म्यानमार यांच्यात सीमाव्यापाराचा करार जानेवारी १९९४ मध्ये झाला आणि १२ एप्रिल १९९५ रोजी मोरेह येथून अधिकृत व्यापारास प्रारंभ झाला. आरंभी २२ वस्तूंच्या देवघेवीस परवानगी होती. डाळी, कांदा, लसूण, मिरची, आले, सुपारी, बांबू, तंबाखू, केरसुणीचे गवत अशा शेतातल्या आणि रानातल्या मालाचीच ही यादी होती. व्यवहार मुख्यतः वस्तुविनिमयाच्या पद्धतीने, म्हणजे मालाच्या बदल्यात माल अशा रीतीने होई आणि आयातीवर पाच टक्के इतकेच सवलतीचे शुल्क आकारले जाई. पुढे २००८ मध्ये ही यादी ४० वस्तूंची आणि २०१२ मध्ये ६२ वस्तूंची करण्यात आली.

यादी वाढत गेली, परंतु बाजार यादीप्रमाणे चालला नाही. सीमेपलीकडे, मोरेहच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवेशद्वारासमोरच नम्फलाँगची बाजारपेठ आहे. तेथे चीन आणि थायलंडमध्ये तयार झालेली ब्लँकेटे, पादत्राणे, भांडी, विजेची उपकरणे यांचे ढीग लागलेले असत. सकाळी पलीकडे जायचे, डोक्यावरून वा पाठीवरून आणता येईल इतका माल घ्यायचा आणि दार बंद होण्यापूर्वी परतायचे, हा शेकडो कुटुंबांचा नित्यक्रम होता. हाच माल थोडा थोडा गोळा होऊन इंफाळच्या आणि तेथून ईशान्येतील इतर शहरांच्या दुकानांत पोहोचत असे. सरकारी नोंदीत यातील फार थोडे उतरले. मोरेहचे पोट या नोंदीबाहेरच्या व्यापारावर भरत होते, हे धोरण आखणाऱ्यांनाही ठाऊक होते.

हा व्यवहार नियमित चौकटीत आणण्याच्या हेतूने १ डिसेंबर २०१५ पासून वस्तुविनिमयाची पद्धत बंद करण्यात आली आणि नेहमीच्या आयात-निर्यातीचे नियम लागू झाले. हेतू योग्यच होता. परंतु नेहमीच्या व्यापारासाठी बँकेचे पतपत्र लागते, मालाच्या उगमाचा दाखला लागतो, गोदाम लागते, मालाची तपासणी करणारी यंत्रणा लागते. यांपैकी बहुतेक गोष्टी तेव्हा सीमेच्या एका बाजूस अपुऱ्या होत्या, तर दुसऱ्या बाजूस जवळजवळ नव्हत्याच. सवलतीचे शुल्क मात्र गेले. त्यामुळे लहान व्यापाऱ्याला नियमांच्या आत राहणे परवडेना. सुपारीचे उदाहरण बोलके आहे. १९९५ च्या यादीत सुपारीला स्थान होते. आता ईशान्येच्या राज्यांत चोरट्या सुपारीचे साठे पकडले गेल्याच्या बातम्या वारंवार येत असतात.

सुविधांच्या आघाडीवर काही झालेच नाही, असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये मोरेह येथून पारपत्र आणि व्हिसा घेऊन सीमा ओलांडण्याची सोय झाली. ४ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते एकात्मिक तपासणी नाक्याचे उद्‌घाटन झाले. सीमाशुल्क, पारपत्र तपासणी आणि मालाची साठवण एकाच आवारात होऊ लागेल, अशी ही व्यवस्था. पण नाक्याच्या पुढचा रस्ता? मोरेहपासून थायलंडमधील मे सोतपर्यंतच्या सुमारे १,३६० किलोमीटर लांबीच्या त्रिराष्ट्रीय महामार्गाची कल्पना २००२ पासून चर्चेत आहे. तामू ते कलेवा या टप्प्यातील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले ६९ जुने पूल बदलण्याचे काम भारताने स्वीकारले होते, ते रखडले. १९४४ मध्ये ज्या वाटेने सैन्ये इंफाळच्या दिशेने चालून आली, त्याच वाटेवर मालमोटारी सुरळीत चालवणे अद्याप साधलेले नाही.

तूर आणि उडीद या म्यानमारच्या डाळींचा भारत मोठा ग्राहक आहे. २०२१ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचे पाच वर्षांसाठी ठरले. हा माल समुद्रमार्गे मुंबई, चेन्नई, कोलकाता यांसारख्या बंदरांत उतरतो. १९९५ च्या यादीत अग्रभागी असलेली डाळ मुंबईच्या धक्क्यावर लागते आणि मोरेहच्या गोदामात दिसत नाही, यातच खुष्कीच्या मार्गाची अवस्था स्पष्ट होते.

मोरेहच्या लोकवस्तीचा इतिहासही व्यापारी वाटांच्या चढउताराचाच आहे. ब्रह्मदेशात १९६२ मध्ये जनरल ने विन यांची लष्करी राजवट आली आणि त्यानंतर खाजगी व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले. तेथून परत पाठवण्यात आलेल्या तमिळ कुटुंबांपैकी काहींनी मद्रासहून पुन्हा खुष्कीच्या मार्गाने ब्रह्मदेश गाठण्याचा प्रयत्न केला. सीमेवर अडवले गेल्याने ती मोरेह येथेच स्थायिक झाली. त्यांनी उभारलेले अंगाळ परमेश्वरी मंदिर आज या शहराची ओळख आहे. कुकी, मैतेई, नेपाळी, पंजाबी, मारवाडी, बिहारी, मुस्लिम अशा अनेक समाजांची दुकाने येथे शेजारी-शेजारी होती. परस्परांवर विसंबून असलेला हा बाजार होता, म्हणूनच तो तुटणे अधिक गंभीर ठरले.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे सीमेची दारे बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता हाती घेतली आणि सीमेलगतच्या तामू परिसरात सशस्त्र संघर्ष पेटला. जुलै २०२२ मध्ये मोरेहमधील दोन तमिळ तरुण तामू येथे गोळ्यांना बळी पडले. एके काळी बाजारहाटासाठी सहज जायचे ते ठिकाण असे परके झाले. त्यानंतर ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये उसळलेल्या वांशिक हिंसाचाराची झळ मोरेहला फार मोठ्या प्रमाणावर बसली. घरे आणि दुकाने जळाली, मैतेई रहिवाशांना शहर सोडावे लागले आणि इंफाळचा रस्ता दोन समाजांच्या प्रभावक्षेत्रांत विभागला गेला.

सीमेची व्यवस्थाही याच काळात बदलली. पूर्वी सीमेपासून १६ किलोमीटरपर्यंतच्या रहिवाशांना व्हिसाविना ये-जा करता येई. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ही मुक्त संचाराची पद्धत रद्द करण्याचा आणि १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा किलोमीटरच्या पट्ट्यातील रहिवाशांसाठी पासची नवी नियमावली आली. अमली पदार्थ, शस्त्रे आणि बेकायदा स्थलांतर यांची सरकारला वाटणारी चिंता निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्यांच्या शेतांतून आणि गावांतून ही रेषा जाते, त्यांच्यासाठी कुंपणाचा अर्थ वेगळा आहे. नागालँड आणि मिझोरामच्या विधानसभांनी याविरुद्ध ठराव केले ते त्यामुळेच.

या घडामोडींत मोरेहपुढे पहिली अडचण सीमेपलीकडची नाही. म्यानमारमधील यादवी केव्हा शमेल, हे भारताच्या हाती नाही. मात्र इंफाळ ते मोरेह हा ११० किलोमीटरचा रस्ता कोणत्याही समाजाच्या चालकाला निर्धास्तपणे वापरता यावा, वाटेवरची अनधिकृत वसुली थांबावी आणि शहर सोडून गेलेल्या दुकानदारांना परतता यावे, या गोष्टी सीमेच्या अलीकडच्या आहेत. तपासणी नाका आधीच उभा आहे. तेथपर्यंत माल घेऊन पोहोचणारा व्यापारी आधी मोरेहमध्ये राहू शकला पाहिजे.