जहाज ‘लाँच’ झालं म्हणजे नौदलात आलं का?

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. युद्धनौका आम्हाला दिसते ती मोबाईलवरच. पण भरतीची तयारी करणारी पोरं गावोगावी आहेत, त्यामुळे नवी नौका आली की ग्रुपवर रील्सचा पाऊस पडतो. परवा एका पोरानं मला विचारलं, “दादा, नीलगिरी २०१९ ला लाँच झाली ना? मग २०२५ ला परत कशी आली?”

प्रश्न रास्त आहे. गोंधळ ‘लाँच’ या शब्दाचा आहे. फोन लाँच झाला की थोड्याच दिवसांत तो आपल्या हातात येतो. जहाजाचं तसं नसतं. तिथे तीन तारखा वेगवेगळ्या असतात.

पहिली, जलावतरण. सांगाडा पहिल्यांदा पाण्यात उतरतो. तेव्हा बरीचशी यंत्रणा बसायचीच असते. नीलगिरीचं जलावतरण मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये झालं.

दुसरी, सुपूर्द करणं. समुद्रात चाचण्या झाल्यावर गोदी जहाज नौदलाच्या ताब्यात देते. नीलगिरी आणि सुरत या दोन्ही नौका २० डिसेंबर २०२४ ला मिळाल्या. सुरतचं जलावतरण मे २०२२ मध्ये झालं होतं, म्हणजे तिला ३१ महिने लागले. नीलगिरीला पाच वर्षांहून जास्त.

तिसरी, कमिशनिंग, म्हणजे सेवेत दाखल होणं. नौदलाचा ध्वज चढतो आणि नावापुढे ‘आयएनएस’ लागतं. त्याआधी सुरत कागदोपत्री ‘यार्ड १२७०७’ होती. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत सुरत, नीलगिरी आणि वाघशीर पाणबुडी अशा तिघी एकाच दिवशी दाखल झाल्या.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे, कारण दाखल झाली म्हणजे पूर्ण सज्ज झाली असंही नाही.

विक्रांत बघा. २ सप्टेंबर २०२२ ला ती सेवेत आली. त्याच कार्यक्रमात शिवरायांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला नौदलाचा नवा ध्वजही आला. पण लढाऊ विमान तिच्यावर पहिल्यांदा उतरलं ते ६ फेब्रुवारी २०२३ ला, पाच महिन्यांनी. वाघशीरचंही तेच. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला ठरावीक वेळानं वर यावं लागतं. ही गरज कमी करणारी ‘एआयपी’ यंत्रणा डीआरडीओ विकसित करतंय. ती या वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठीच्या कामाचा सुमारे १,९९० कोटींचा करार ३० डिसेंबर २०२४ ला झाला. वाघशीर त्यानंतर दोनच आठवड्यांनी दाखल झाली, अर्थातच त्या यंत्रणेशिवाय.

यात लपवाछपवी नाही. जगभर असंच चालतं. अमेरिकेची ‘जेराल्ड फोर्ड’ विमानवाहू नौका २०१७ मध्ये सेवेत आली, पण पहिल्या मोहिमेवर निघाली २०२२ मध्ये. चीनच्या ‘फुजियान’चं जलावतरण जून २०२२ मध्ये झालं आणि ती दाखल झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यामुळे “त्यांची इतकी, आपली इतकी” असं मोजणाऱ्या रील्समध्ये एका देशाची लाँच झालेली आणि दुसऱ्याची दाखल झालेली जहाजं एकत्र मोजली, तर तुलनाच फसते. जुनी जहाजं निवृत्तही होत असतात. ती वजा केल्याशिवाय ताकद किती वाढली ते कळत नाही.

फोटोचीही एक अडचण आहे. निवृत्त जहाजाचं नाव नव्याला देतात. आधीची नीलगिरी १९७२ मध्ये दाखल झाली होती आणि १९९६ मध्ये निवृत्त झाली. तीही माझगाव डॉकचीच. सर्च केलं की कधी तिचाच फोटो पुढे येतो.

म्हणून पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: तारीख कोणत्या टप्प्याची आहे, कोणती यंत्रणा अजून बसायची आहे, आणि फोटो त्याच जहाजाचा आहे का.

त्या पोराला मी अजून एक सांगितलं. नवी जहाजं आली म्हणजे जागा वाढल्या, असं सांगणाऱ्या रीलवर विसंबून क्लासची फी भरू नकोस. जागा किती आणि पात्रता काय, हे नौदलाच्या अधिकृत वेबसाइटवरच्या जाहिरातीतच बघ. जहाज दाखल झाल्याची बातमी वेगळी, भरतीची जाहिरात वेगळी.